कुत्र्याच्या कानाची खाज आणि ॲलर्जी: ड्रॉप्स घालण्याआधी काय, नंतर काय

कुत्रा सारखा कान खाजवतो, डोकं झटकतो, जवळ आला की कानाला वास येतो. मग घरातलं कुणीतरी मेडिकलमध्ये जाऊन मागच्या वेळची रिकामी बाटली दाखवतं आणि तेच ड्रॉप्स घेऊन येतं. चार-पाच दिवस बरं वाटतं, बाटली कपाटात जाते. महिन्या-दीड महिन्यात पुन्हा तोच वास, तेच डोकं झटकणं. काही घरांत हे वर्षानुवर्षं चालतं. तोवर कानाच्या आतली कातडी जाड होते, नळी अरुंद होत जाते आणि पुढे औषध आतपर्यंत पोहोचतच नाही.

बहुतेक वेळा औषध वाईट नसतं, क्रम चुकलेला असतो. ड्रॉप्स घालणं ही या कामातली पाचवी पायरी आहे. आपण थेट तिथून सुरुवात करतो आणि सातवी पायरी, म्हणजे खाज मुळात कशामुळे सुटली ते शोधणं, कधी करतच नाही. कानात वाढलेले जंतू किंवा बुरशी हा बहुधा परिणाम असतो. कारण वेगळंच असतं आणि वारंवार त्रास होणाऱ्या कुत्र्यांत ते बऱ्याचदा ॲलर्जी असतं.

आधी कान समजून घ्या

माणसाच्या कानाची नळी जवळजवळ सरळ आत जाते. कुत्र्याची नळी आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते आणि त्या आडव्या भागाच्या टोकाला पडदा असतो. सिंकखालच्या पाइपच्या वळणात जसा गाळ साचतो तसा मळ, ओल आणि पू या वळणावर साचतो. वरून कान पुसून स्वच्छ दिसला तरी आत काय चाललंय ते कळत नाही. इअरबड घातला की वरचा मळ त्या वळणापलीकडे ढकलला जातो. खालचे जवळजवळ सगळे नियम या एका वळणामुळे आहेत.

टप्पा १ : घरी फक्त बघा, वास घ्या, लिहून ठेवा

उजेडाच्या जागी कुत्र्याला शांत बसवा. कानाची पाळी हलक्या हाताने उलटी करा आणि दोन्ही कान बघा, ज्याचा त्रास दिसत नाही तोही.

निरोगी कान आतून फिकट गुलाबी असतो. थोडा पिवळसर मळ असला तरी चालतो, त्याला वास जवळपास नसतो. बिघडलेल्या कानात काय काय दिसतं बघा:

• पाळीची आतली बाजू लाल, गरम, पण मळ फारसा नाही. हा ॲलर्जीचा सुरुवातीचा टप्पा असू शकतो आणि नेमका इथेच लोक दुर्लक्ष करतात.
• तपकिरी, चिकट, तेलकट मळ आणि आंबूस वास. बहुधा यीस्ट (एक प्रकारची बुरशी) वाढलेलं असतं.
• पिवळा किंवा हिरवट पू, नाक मुरडावं असा वास, हात लावू न देणं. बहुधा जिवाणूंचा संसर्ग.
• कोरडा, काळपट, कॉफीच्या चुऱ्यासारखा मळ आणि बेसुमार खाज, विशेषतः पिल्लांत. कानातले माइट्स (अगदी बारीक किडे) असू शकतात.
• पाळीच्या कडेला खपल्या. पाळीची कड बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागतो. अशा वेळी खरजेची शंका घ्यावी. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लांत हे खूप दिसतं आणि ती खाज घरच्या माणसांनाही लागते.

मात्र ही फक्त शंका घेण्यासाठीची यादी आहे. रंग आणि वासावरून औषध ठरवायचं नाही. यीस्ट आणि जिवाणू एकाच कानात एकत्र असतात, आणि वरून सारख्या दिसणाऱ्या दोन कानांचं औषध वेगळं निघतं.

आता कान सोडून बाकी अंग बघा. पंजे चाटतो का? बोटांमधले पांढरे केस लाळेने तांबूस झालेत का? काखा, पोट, तोंडाभोवतीची त्वचा लाल आहे का? शेपटीच्या मुळाशी केस गेलेत का? कान आणि पंजे एकत्र बिघडत असतील तर तो निव्वळ कानाचा आजार नाही, अशी खूणगाठ बांधा.

कागदावर किंवा फोनमध्ये एवढं टिपून ठेवा: त्रास कधी सुरू झाला, एका कानात की दोन्ही, कोणत्या महिन्यात वाढतो, रोज काय खातो (खाऊ, बिस्किटं आणि शेजारच्या आजी देतात ती पोळीसुद्धा), गोचीड-पिसवांचं औषध शेवटचं कधी दिलं, आधी कानात काय काय घातलं. कानाचा फोटो काढा. दवाखान्यात या नोंदीचा जेवढा उपयोग होतो तेवढा क्वचितच कशाचा होतो.

तपासा: एकच कान अचानक बिघडलाय आणि कुत्रा नुकताच माळरानावर, गवतात फिरून आला होता का? मग कानात कुसळ गेलेलं असू शकतं. पावसाळ्यानंतर गवत वाळतं तेव्हा हे हमखास होतं. कुसळाच्या रचनेमुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. ते घरी काढायला जाऊ नका. पाळीच्या घडीत किंवा कडेला गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढून काढता येते, पण नळीच्या आत दिसत असेल तर डॉक्टरांनाच काढू द्या. रॉकेल, पेट्रोल काहीही ओतू नका.

टप्पा २ : कोणत्या लक्षणांत वाट बघायची नाही

यांतलं काहीही दिसलं तर पुढचे टप्पे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा:

• डोकं एका बाजूला कललेलं राहणं, चालताना तोल जाणं, एकाच दिशेला गोल फिरणं
• बुबुळं आपोआप आडवी-तिडवी हलणं
• तोंडाची एक बाजू लोंबणं, डोळा नीट न मिटणं
• हाकेला अचानक प्रतिसाद न देणं
• कानातून रक्त, किंवा जखमेत अळ्या
• पाळी फुगून मऊ, गुबगुबीत होणं

पहिल्या चार खुणा संसर्ग पडद्याच्या आत गेल्याच्या असू शकतात. शेवटची खूण म्हणजे डोकं झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फुटून रक्त साचणं. सुईने घरी रक्त काढू नका, ते पुन्हा भरतं आणि वर जंतुसंसर्ग होतो. अळ्या पडल्या असतील तर कानात फिनेल ओतण्याची पद्धत गावोगावी आहे. ती थांबवा. फिनेल कातडी जाळतं, आणि पडदा फाटलेला असेल तर आतल्या कानापर्यंत जातं.

टप्पा ३ : दवाखान्यात जाताना आणि तिथे

जाण्याआधी दोन-तीन दिवस कान साफ करू नका. आपल्याला संकोच वाटतो, “इतका घाण कान कसा दाखवायचा?” म्हणून आदल्या रात्री लोक घासूनपुसून नेतात. पण त्या मळातच उत्तर असतं. तो पुसला की तपासायला काही उरत नाही. घरातल्या सगळ्या जुन्या बाटल्या, अर्ध्या उरलेल्यासुद्धा, पिशवीत घालून न्या.

तिथे दोन गोष्टी व्हायलाच हव्यात, आणि त्या होत नसतील तर नम्रपणे पण स्पष्ट विचारा.

पहिली, ऑटोस्कोपने कानाच्या आत बघणं. पडदा शाबूत आहे का, कुसळ, गोचीड, गाठ आहे का, हे त्याशिवाय कळत नाही. पडदा फाटलेला असेल तर नेहमीची काही औषधं आणि क्लीनरसुद्धा आतल्या कानाला इजा करू शकतात. जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकं आणि क्लोरहेक्सिडिन ही त्यातली नेहमीची नावं. कान इतका सुजलेला असेल की आत दिसतच नाही, तर आधी सूज उतरवण्याचं औषध देऊन काही दिवसांनी पुन्हा बघतात. फार दुखत असेल तर भूल देऊन बघावं लागतं. त्याला उगाच घाबरून नाही म्हणू नका.

दुसरी, कानातला मळ स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघणं. याला सायटोलॉजी म्हणतात. थोड्या वेळाचं काम असतं आणि यीस्ट आहे, गोल जिवाणू आहेत की लांबट, हे कळतं. लांबट जिवाणू दिसले किंवा आधीच्या औषधाने फरक पडला नसेल, तर कल्चर करून (म्हणजे ते जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून) कोणतं प्रतिजैविक लागू पडतं ते बघावं लागतं. लांबट जिवाणूंतला स्यूडोमोनास हा फार चिवट आहे. अंदाजाने प्रतिजैविकं बदलत राहिलं की तो आणखी चिवट होतो.

सगळ्याच दवाखान्यांत मायक्रोस्कोप नसतो, तालुक्याच्या ठिकाणी तर बऱ्याचदा नसतो. मुंबईत परळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. वारंवार बिघडणारा कान असेल तर एकदा तिथे नेऊन नीट तपासून घेणं हे वर्षभर ड्रॉप्स बदलत राहण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि कुत्र्याचे हालही वाचतात.

सावध: “डॉक्टर, मागचंच औषध लिहून द्या, त्याने फरक पडला होता.” हे वाक्य आपल्या तोंडून निघतं आणि तपासणी तिथेच संपते. मागच्या वेळी यीस्ट होतं म्हणून या वेळीही तेच असेल असं नाही.

टप्पा ४ : कान साफ करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हे सावकाश वाचा. पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच घरी साफसफाई करायची.

साहित्य: डॉक्टरांनी सांगितलेला कुत्र्यांसाठीचा इअर क्लीनर, कापसाचे बोळे किंवा गॉज, जुना टॉवेल, थोडा खाऊ. इअरबड डब्यातच राहू द्या.

घरगुती उपायांबद्दल एकदाच सांगते. खोबरेल तेल, हळद-तेल, लसणाचं तेल, कापूर, टी ट्री ऑइल, व्हिनेगर, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, यांतलं काहीही सुजलेल्या कानात घालायचं नाही. तेलाने मळ आत धरून राहतो. स्पिरिट आणि व्हिनेगर सोललेल्या कातडीला झोंबतात, आणि एकदा झोंबलं की तो कुत्रा पुढे महिनोन्‌महिने कानाला हात लावू देत नाही. कापूर आणि टी ट्री ऑइल तर कुत्र्यांना विषारी आहेत.

जागा आणि माणसं: घसरणार नाही अशा फरशीवर, पायपुसणं किंवा चटई टाकून, कुत्र्याची पाठ भिंतीला किंवा कोपऱ्याला लावून बसवा. एकाने धरायचं, दुसऱ्याने साफ करायचं. धरणारा घरातला सगळ्यात शांत माणूस असावा. लहान मुलांना त्या वेळी लांब ठेवा. कान दुखत असला की लाडाचा कुत्राही चावतो, त्यात त्याचा दोष नसतो. गुरगुरला तर थांबा, आणि पुढच्या वेळी मझल (तोंडाला बांधायची जाळी) घालून करा. चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आपल्या डॉक्टरांकडे जा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.

आता क्रम:

१. क्लीनरची बाटली पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा किंवा तळहातात धरून ऊब द्या. गार द्रव कानात गेला की कुत्रा दचकतो, कधी चक्करही येते.

२. कमी बिघडलेला कान आधी घ्या. दोन्ही कानांना वेगळा कापूस.

३. पाळी हलकेच वर आणि किंचित बाहेर ओढून धरा, म्हणजे नळी थोडी सरळ होते.

४. बाटलीचं टोक कातडीला न टेकवता क्लीनर ओता. दोन-चार थेंब नाही, नळी भरून वर द्रव दिसेपर्यंत. बरेच जण कापूस क्लीनरमध्ये बुडवून फक्त वरून पुसतात. त्याने वळणाखालचा मळ जागचा हलत नाही.

५. पाळी न सोडता दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने कानाच्या मुळाशी, जबड्यामागे हाताला लागते त्या कडक नळीवर, सुमारे तीस सेकंद मालिश करा. ‘पचपच’ असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर एक तर द्रव कमी पडलाय किंवा बोटं चुकीच्या जागी आहेत. कान फार दुखत नसेल तर बऱ्याच कुत्र्यांना हे आवडतं, मान कलंडून ते हातावर भार टाकतात.

६. आता सोडा आणि टॉवेल पुढे धरा. कुत्रा जोरात डोकं झटकेल आणि आतला मळ वर येईल. हे झटकणं थांबवू नका, साफसफाईचा निम्मा भाग तोच करतो.

७. बोटाला कापूस किंवा गॉज गुंडाळून बोट सहज जाईल तेवढंच आत पुसा. पाळीच्या घड्या पुसा.

८. कापूस बघा. पहिल्या बोळ्यावर चॉकलेटी थर असेल, दुसऱ्यावर फिका, तिसऱ्यावर जवळपास काही नाही. तेवढं पुरे. पांढराशुभ्र निघेपर्यंत घासत बसू नका.

९. खाऊ द्या, कौतुक करा, त्याला सोडून द्या.

तपासा: कापसावर रक्त आलं, कुत्रा कळवळला, साफ केल्यावर तोल गेला किंवा डोकं कललं, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना फोन करा. हीच पडदा फाटल्याची खूण असू शकते.

किती वेळा करायचं? संसर्ग चालू असताना डॉक्टर सांगतील तसं, कधी रोज तर कधी दिवसाआड. निरोगी कान मात्र साफ करण्याची मुळात गरज नसते. रोज साफ करून करून ओल आणि चोळण्यानेच कान बिघडवलेली घरं कमी नाहीत. पार्लरमध्ये शिह त्झू, ल्हासा किंवा पूडलच्या कानातले केस सरसकट उपटतात, त्यालाही कान चांगला असताना नाही म्हणा. उपटल्याने नळीला सूक्ष्म जखमा होतात.

टप्पा ५ : ड्रॉप्स घालणं

साफ केल्यावर लगेच औषध घालू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कान थोडा सुकू द्या, नाहीतर औषध क्लीनरमध्ये पातळ होतं. बाटली नीट हलवा, बऱ्याच ड्रॉप्समध्ये औषध तळाशी बसतं. सांगितले तितकेच थेंब आडव्या नळीपर्यंत जातील असे घाला, पुन्हा थोडी मालिश करा आणि मिनिटभर डोकं धरून ठेवा. झटकलं की औषध डोळ्यांत उडू शकतं, त्यामुळे तोंड जवळ नेऊ नका. मग हात धुवा.

इथल्या नेहमीच्या चुका:

वास गेला म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करणं. वास लवकर जातो, जंतू उरतात. किती दिवस घालायचं ते डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, तेवढे दिवस घालायचंच.

दुसऱ्या कुत्र्याची बाटली वापरणं. किंवा गेल्या पावसाळ्यात उघडलेली. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा.

माणसांचे कानाचे किंवा डोळ्यांचे ड्रॉप्स घालणं. आणि दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देणं. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या अंदाजाने दिलेलं पॅरासिटामॉल यकृताला घातक ठरतं.

काही औषधं डॉक्टर स्वतःच कानात भरतात आणि ती आठवडे टिकतात. असं औषध भरलं असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत कान साफ करायचा नाही. घरी येऊन उत्साहाने क्लीनर ओतला की औषध वाहून जातं.

सावध: ड्रॉप्स सुरू केल्यावर लाली, खाज वाढली किंवा कुत्र्याला ऐकू येईनासं झालं तर ड्रॉप्स थांबवा आणि कळवा. काही कुत्र्यांना औषधाचीच ॲलर्जी होते.

टप्पा ६ : कान बरा दिसतोय, तरी पुन्हा दाखवा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. एक-दोन आठवड्यांनी, किंवा औषध संपत आलं की, पुन्हा ऑटोस्कोप आणि पुन्हा स्लाइड. वरून गुलाबी दिसणाऱ्या कानात स्लाइडवर जंतू सापडतात, मग आठवडाभर औषध वाढवतात. तेवढ्याने पुढचा महिना वाचतो. स्लाइड स्वच्छ आली तरच संसर्ग संपला असं धरा.

टप्पा ७ : खाज मुळात कशाने सुटली ते शोधणं

वर्षातून दोनदा किंवा जास्त वेळा कान बिघडत असेल, दोन्ही कान बिघडत असतील, किंवा कानासोबत पंजे आणि पोट खाजत असेल, तर हा टप्पा टाळता येणार नाही. इथेही क्रम आहे. सोपं आणि स्वस्त ते आधी.

पहिलं, कीटक. गोचीड, पिसवा, माइट्स यांच्यावरचं औषध (डॉक्टरांनी वजन बघून दिलेली गोळी किंवा मानेवर घालायचं औषध) वेळापत्रकाप्रमाणे चालू करा. कानातल्या माइट्सचं जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचं असतं, म्हणून चार दिवसांच्या औषधाने ते संपत नाहीत. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकाच वेळी औषध द्यावं लागतं. मांजर खाजवत नाही म्हणून तिला वगळलं की माइट्स तिच्याकडून परत येतात.

दुसरं, अन्न. कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी बहुतेक वेळा प्रथिनांची असते: चिकन, बीफ, दूध-दही-पनीर, गहू. आपल्याकडच्या घरांत नेमकं हेच रोज असतं, चिकन-भात, दूध-पोळी, दही-भात. “वर्षानुवर्षं हेच खातोय, आत्ताच कशी ॲलर्जी होईल?” असं लोक विचारतात. ॲलर्जी आधी खाल्लेल्या अन्नाचीच होते, कधीच न खाल्लेल्याची सहसा नाही.

रक्ताची ‘फूड ॲलर्जी टेस्ट’ करून घेण्यात पैसे घालवू नका, तिच्यावर विसंबता येत नाही. भरवशाचा मार्ग एकच आहे, एलिमिनेशन डाएट. तो असा:

१. आधी कानाचा संसर्ग पूर्ण बरा करा, किंवा निदान उपचार बरोबरीने चालू ठेवा. संसर्गाची खाज चालू असेल तर अन्नाने फरक पडला की नाही ते कळणार नाही.

२. अन्न निवडा. सगळ्यात सोपं म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं हायड्रोलाइज्ड प्रथिनांचं अन्न. त्यात प्रथिनांचे तुकडे इतके बारीक असतात की शरीर त्यांना सहसा ओळखत नाही. ते परवडत नसेल तर या कुत्र्याने आजवर कधीच खाल्लं नाही असं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ. कोकणातल्या, मासळी खाऊन वाढलेल्या कुत्र्याला मासे देऊन उपयोग नाही. देशावरच्या, मासे न चाखलेल्या कुत्र्याला काटे काढलेला उकडलेला मासा आणि रताळं चालू शकतं. मीठ, मसाला, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसूण कुत्र्यांना विषारीच आहेत. दुकानातल्या पाकिटावर ‘फिश’ लिहिलंय म्हणून ते घेऊ नका, त्यात चिकनची चरबी किंवा अंश सापडतात. पिल्लाला घरचं असं अन्न डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, त्याला कॅल्शियम कमी पडतं.

३. पाच-सात दिवसांत जुनं कमी, नवं जास्त करत बदल करा, नाहीतर जुलाब होतील.

४. मग पूर्ण आठ आठवडे तेच आणि फक्त तेच. चहाचं बिस्किट, पोळीचा तुकडा, चघळायची हाडं, चव घातलेल्या जंतनाशक गोळ्या, कुत्र्याची चिकन-चवीची टूथपेस्ट, सगळं बंद. गोळी द्यायचीच असेल तर चव नसलेली मागा. कामवाल्या ताई, वॉचमन काका, शेजारची मुलं, सगळ्यांना सांगा. दारावर चिठ्ठी लावायची वेळ आली तरी लावा. आठ आठवड्यांत एक पोळी गेली तरी हिशोब बिघडतो, आणि हा प्रयोग फसण्याचं खरं कारण बहुधा अन्नाची निवड नसते, हे चोरून दिलेले लाड असतात.

५. कान आणि पंजे सुधारले तर इथे थांबू नका. जुनं अन्न परत द्या. ॲलर्जी खरी असेल तर दोन आठवड्यांच्या आत, बऱ्याचदा काही दिवसांतच, खाज परत येते. पुन्हा नवं अन्न दिलं की जाते. एवढं झालं की सिद्ध झालं. मग एकेक पदार्थ वेगळा देऊन नेमका दोषी कोण ते शोधता येतं. ही पायरी गाळली तर कुत्रा आयुष्यभर विनाकारण पथ्यावर राहतो.

तिसरं, हवा-धूळ-परागकण. कीटक नाहीत, अन्नही नाही, आणि खाज सहा महिने ते तीन वर्षांच्या वयात सुरू झालेली असेल, तर ॲटोपिक डर्मटायटिसची, म्हणजे अशा हवेतल्या गोष्टींमुळे होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीची, शक्यता मोठी. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, बुलडॉग, जर्मन शेफर्ड, कॉकर स्पॅनियल यांत हे जास्त दिसतं. ही ॲलर्जी बरी होत नाही, आटोक्यात ठेवता येते. ऑक्लॅसिटिनिबच्या गोळ्या, लोकिवेटमॅबचं इंजेक्शन, सायक्लोस्पोरिन, थोडे दिवस स्टिरॉइड, ॲलर्जीच्या लशींचा कोर्स, असे पर्याय आहेत. वय, वजन आणि बाकी आजार बघून डॉक्टर ठरवतील. सेटिरिझिनसारख्या गोळ्यांचा कुत्र्यांत फारसा उपयोग होत नाही, आणि सर्दीसाठीच्या मिश्र गोळ्यांत कुत्र्यांना धोकादायक घटक असतात. स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करायचं असतं.

घरी एवढं करता येतं: फिरून आल्यावर पंजे आणि पोट ओल्या फडक्याने पुसून कोरडं करणं, डॉक्टरांच्या शाम्पूने ठरलेल्या दिवशी अंघोळ, अंथरूण आठवड्याला गरम पाण्यात धुणं, भिंतीला बुरशी आलेल्या खोलीत त्याला न झोपवणं.

टप्पा ८ : पुढची देखभाल

ॲलर्जी असलेल्या कुत्र्याचा कान बरा झाल्यावर आठवड्यातून एकदा पाळी उलटून बघा आणि वास घ्या. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकदा क्लीनर. मुंबई, कोकण, गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली ओल इतकी असते की लोंबत्या कानांच्या कुत्र्यांवर त्या महिन्यांत जास्त लक्ष ठेवावं लागतं. अंघोळीआधी कानाच्या तोंडाशी कापसाचा मोठा बोळा ठेवा (मोठाच, आत शिरणारा नको) आणि नंतर आठवणीने काढा. समुद्रात किंवा नदीत पोहून आल्यावर पाळी आणि कानाचं तोंड कोरडं पुसा, आणि सुकवणारा क्लीनर वापरायचा का ते डॉक्टरांना विचारून घ्या. हेअर ड्रायर कानात धरू नका.

लाली परतली तर त्याच आठवड्यात दाखवा, पू येईपर्यंत थांबू नका. आणि इतकं सगळं नीट करूनही नळी दगडासारखी कडक झाली असेल, बोटाने दाबली तरी दबत नसेल, तर औषधांचा उपयोग संपत आलेला असतो. अशा कानाची पूर्ण नळी काढण्याची शस्त्रक्रिया असते. ऐकायला भयंकर वाटते, त्या कानाचं ऐकू येणंही बरंचसं जातं. पण वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या कानातून ज्या कुत्र्यांची सुटका होते ती पुन्हा खेळायला लागतात. तिच्याबद्दल शस्त्रक्रिया करणाऱ्या पशुवैद्यांशी वेळेत बोला.